स्टार्टअप स्लो आहे: टास्क मॅनेजर, ऑटोरन्स, डिलेयर की बूस्टर?

कॉम्प्युटर चालू व्हायला वेळ लागतोय म्हणून काहीतरी सॉफ्टवेअर टाकायचा विचार असेल तर आधी वेळ नक्की कुठे जातोय ते बघा. बटण दाबल्यापासून पासवर्डच्या स्क्रीनपर्यंत जातोय, की डेस्कटॉप दिसतो पण पुढची दोन-तीन मिनिटं काही क्लिक केलं तरी नुसतं गोल फिरत राहतं? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि बाजारातली बहुतेक सॉफ्टवेअर फक्त दुसऱ्यावर चालतात. पहिल्यासाठी काहीही डाउनलोड केलं तरी फारसा फरक पडत नाही, त्याचं शेवटी सांगतो. हे सगळं विंडोज 10 आणि 11 धरून आहे.

आधी घरचाच पर्याय, टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, स्टार्टअपची यादी उघडा, नको त्यावर राइट क्लिक करून डिसेबल. प्रोग्राम उडत नाही, फक्त आपणहून सुरू व्हायचा थांबतो, त्यामुळे घाबरायचं काही नाही, चुकलं तर परत एनेबल करा. चॅटवाले, गेम लाँचर, म्युझिक प्लेयर, पीडीएफ रीडरचे अपडेटर हे सगळे बिनधास्त बंद करा, अँटिव्हायरस आणि टचपॅडचं मात्र राहू द्या. शेजारच्या रकान्यात 'हाय' दिसलं की लोक उगाच दचकतात. एखादा प्रोग्राम सुरू होताना 1 सेकंदापेक्षा जास्त सीपीयू (प्रोसेसर) वेळ खातो किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त वाचतो-लिहितो, एवढं झालं की त्याला हाय म्हणतात. 3 एमबी म्हणजे मोबाइलचा एक फोटो. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) असेल तर असे दोन-चार हाय असले तरी जाणवत नाहीत, जुनी हार्ड डिस्क असेल तर प्रत्येक जण जाणवतो.

टास्क मॅनेजरची अडचण एकच, तो पूर्ण यादी दाखवत नाही. सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम), शेड्यूल केलेली कामं, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअर), राइट क्लिकच्या मेनूत घुसलेली एक्स्टेन्शन्स यातलं काही त्या स्टार्टअप यादीत येत नाही आणि चिवट अपडेटर नेमके तिथेच लपलेले असतात. तिथे कामाला येतं ऑटोरन्स. हे सिसइंटर्नल्सचं टूल, 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती कंपनी घेतली, फुकट आहे आणि इन्स्टॉल पण करावं लागत नाही. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि पहिलं काम म्हणजे ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' वर टिक करा, नाहीतर शेकडो ओळी बघून डोकं गरगरेल. पिवळ्या ओळी म्हणजे नोंद शिल्लक आहे पण फाइलच नाही, जुना प्रिंटर वगैरे काढून टाकल्यावर राहिलेलं. त्या साफ करून वेग वाढेल असं वाटतं, पण वाढत नाही. जे बंद करायचं त्याची नुसती टिक काढा, डिलीट करू नका आणि ड्रायव्हर्सच्या टॅबमध्ये हात घालू नका, डिस्कचा ड्रायव्हर चुकून बंद झाला तर विंडोजच उघडणार नाही. म्हणजे ताकद जास्त आणि जबाबदारी तुमची. ज्याला प्रोग्रामची नावं वाचून काही कळत नाही त्याने टास्क मॅनेजरवरच थांबावं.

स्टार्टअप डिलेयर जातीची सॉफ्टवेअर वेगळं काम करतात, ती काही बंद करत नाहीत, रांगेत उभं करतात. एकूण वेळ कमी होत नाही, पण डेस्कटॉप आधी हाताशी येतो आणि बाकीचे मागून एकेक करून उघडतात. हार्ड डिस्कवाल्यांना याचा खरंच फायदा होतो, कारण दहा प्रोग्राम एकदम डिस्कवर तुटून पडले की डिस्कचं हेड इकडून तिकडे धावण्यातच दमतं. पण हे फक्त ज्याला ते सगळे प्रोग्राम रोज लागतातच त्याच्यासाठी. एखाद-दुसऱ्याचंच काम असेल तर विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये लॉगऑननंतर उशिरा सुरू करायची सोय आहेच, त्यासाठी वेगळं काही नको.

राहिले बूस्टर आणि क्लीनर. यातल्या बऱ्याच जणांमधली स्टार्टअपची यादी म्हणजे टास्क मॅनेजरचीच यादी, फक्त रंगीत बटणं लावलेली. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून स्पीड वाढतो हे तर सोडूनच द्या, चार-पाचशे जुन्या नोंदी गेल्याने बूटमध्ये जाणवण्यासारखं काही होत नाही आणि मायक्रोसॉफ्टचा असल्या क्लीनरना सपोर्टही नाही. गंमत म्हणजे यातले बरेचसे स्वतःच स्टार्टअपमध्ये ठाण मांडून बसतात. आणि नावाजलेलं आहे म्हणजे सुरक्षित असंही नाही, 2017 मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध क्लीनरच्या 5.33 व्हर्जनमध्येच हॅकर्सनी मालवेअर घुसवलं होतं आणि ते सुमारे 22 लाख 70 हजार लोकांपर्यंत पोचलं. पैसे देऊन तर मुळीच घेऊ नका.

एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोजच्या बूट सेटिंग्जचं टूल) प्रोसेसरची संख्या वाढवायची युक्ती पण खूप फिरते, त्याने काही होत नाही, तो आकडा कमाल मर्यादा घालायला असतो, विंडोज तसंही सगळे कोअर वापरतं.

आता पहिलं दुखणं. टास्क मॅनेजरच्या त्याच स्टार्टअप पानावर वर 'लास्ट बायोस टाइम' लिहिलेलं असतं, म्हणजे विंडोजच्या आधी मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरने (बायोस) घेतलेला वेळ. तिथे 20-30 सेकंद दिसत असतील तर विंडोजचा दोषच नाही, लावून ठेवलेले पेन ड्राइव्ह काढा, बायोसमध्ये बूट ऑर्डर (कुठून सुरू व्हायचं त्याचा क्रम) बघा, नेटवर्क बूट वरती असेल तर खाली ढकला. तो आकडा छोटा असेल तर फास्ट स्टार्टअप चालू आहे का बघा, पॉवर ऑप्शन्समध्ये मिळेल. त्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर सेव्ह होतो म्हणून पुढच्या वेळी लवकर उघडतं, रीस्टार्टला मात्र हे लागू नाही. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टमपण त्याच मशीनवर असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेवा.

आणि सगळं करूनही डेस्कटॉप आल्यावर बराच वेळ डिस्क 100 टक्क्यांवरच अडकलेली असेल तर सॉफ्टवेअर शोधणं थांबवा. साधी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला 100-150 एमबी देते, पण बूटला लागतात विखुरलेल्या छोट्या फाइली आणि तिथे ती 1 एमबीच्या आसपास येऊन ठेपते. साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडीसुद्धा तिथे कितीतरी पट पुढे आहे. फक्त घेण्याआधी मॉडेल तपासा, काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ईएमएमसी (मेमरी कार्डासारखं) स्टोरेज बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं, ते बदलता येत नाही, दुसऱ्या ड्राइव्हला जागाही नसेल तर मग टास्क मॅनेजरमध्ये जेवढं छाटता येईल तेवढ्यावरच भागवायचं.