इबोनाइटचं शाईपेन: पाच महिने आणि सत्तरीतला एक पौष

ऑक्टोबरात घेतलेलं हे पेन आता पाच महिन्यांचं झालं. लेथवर हाताने कातलेलं काळं इबोनाइट, म्हणजे कडक केलेलं रबर, किंमत 900 रुपये. आत कार्ट्रिज नाही, पिस्टन नाही. पुढचा भाग फिरवून काढायचा आणि ड्रॉपरने शाई थेट नळीत भरायची. कार्ट्रिजमध्ये पाऊण मिलीच्या आसपास शाई असते, यात अडीच मिली तरी मावते. म्हणजे रोज दोन पानं लिहिली तरी बरेच दिवस दौतीकडे बघावं लागत नाही.

पेन घेतलं तेच एका कामासाठी. एरवी मी गोव्यातल्या पर्वरीत राहते आणि सगळं लॅपटॉपवर लिहिते. पौष महिनाभर मात्र सत्तरी तालुक्यातल्या, वाळपईपलीकडच्या आमच्या गावी आईजवळ राहायचं आणि रोजची नोंद हाताने करायची, असं ठरवलं होतं. काजूला मोहर कधी आला, नाल्यावर बांध घातल्यावर वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या शेतात पाणी कधी पोचलं, परसातली तांबडी भाजी किती झाली, सुपारी सोलायला कोण कोण बसलं. या गोष्टी माझ्या आजीला तोंडपाठ असायच्या. आमच्यापैकी कुणी त्या लिहून ठेवल्या नाहीत, याची मला फार खंत आहे.

तिसऱ्याच दिवशी पेनाने दगा दिला. पहाटे ओसरीवर थर्मामीटर 16 दाखवत होता. मी शाल गुंडाळून लिहायला बसले आणि ‘वायंगण’मधल्या ‘वा’वर शाईचा टपोरा थेंब पडला. पान पुसेपर्यंत दुसरा. पेन सदोष आहे असंच मला वाटलं. आई अठ्ठावीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होती, तिची सगळी हजेरीपत्रकं शाईपेनानेच भरलेली. तिने पेन उजेडासमोर धरून हलवलं आणि म्हणाली, “अगो, अर्धं रिकामं पेन घेऊन थंडीत काय बसलीस?”

कारण साधं आहे. शाई कमी झाली की नळीत हवा वाढते. रात्रभर गार पडलेलं पेन गरम हातात आलं की ती हवा फुगते आणि शाईला जिभेवाटे, म्हणजे निबखालच्या पट्टीवाटे, बाहेर ढकलते. कार्ट्रिजच्या पेनात हवाही थोडी आणि हात थेट नळीला लागतही नाही, म्हणून तिथे हे फारसं होत नाही. आईचा उपाय असा: शाई निम्म्यावर यायच्या आत भरायची, लिहिण्याआधी निब वर करून पेन मिनिटभर मुठीत धरायचं, निब सुती चिंधीने टिपायची आणि मगच कागदाला लावायची. त्यानंतर महिनाभरात एकदाही डाग पडला नाही. आट्यांमधून शाई झिरपू नये म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा, ते पेनासोबत मिळत नाही. विक्रेत्याने निदान एवढं तरी सांगायला हवं होतं.

निब मध्यम आहे. मराठी जोडाक्षरं छान भरदार उमटतात, पण स्वस्त वहीत शाई फुटते. 100 जीएसएमचा जाड कागद घ्या. पेन उन्हात ठेवू नका, इबोनाइट हिरवट पडतं.

शाईबाबत मात्र मी चूक केली आणि ती मला फार लागली. धुतली जाणारी निळी शाई भरली होती. धालो म्हणजे पौषातल्या रात्री बायका मांडावर, गावाच्या ठरलेल्या अंगणात, गात खेळतात तो खेळ. त्याच्या दुसऱ्या रात्री मांडावरून आल्याआल्या चार पानं लिहिली. समोरासमोर दोन रांगा, कमरेत हात गुंफून एकदम वाकणाऱ्या बायका, शेणाने सारवलेली गार जमीन अनवाणी पायांना कशी लागते, आणि ऐकून आठवतील तेवढी गाणी. वही चिऱ्यांच्या गडग्यावर, कुंपणाच्या भिंतीवर राहिली. सकाळी दवाने पानं जड झाली होती आणि अक्षरांच्या जागी निळी ढगाळ छटा. मला रडू आलं.

त्यानंतर पाण्याने न जाणारी काळी शाई आणली. अशी शाई आत वाळली तर निघता निघत नाही, म्हणून दर पंधरवड्याला पेन साध्या पाण्याने धुते.

शेजारच्या काकीने ती वही पाहिली होती. दुपारी सुपारी सोलता सोलता ती म्हणाली, “बाय, बरय. हांव सांगतां.” म्हणजे, लिही, मी सांगते. मांडावरचं नमन घरी म्हणायला ती तयार नव्हती, खेळातली गाणी मात्र सांगितली. मी फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं, तर तिने नकारार्थी मान हलवली आणि पेनाकडे बोट दाखवलं. एक ओळ म्हणायची, थांबायची, एक सुपारी सोलायची. माझी निब ओळीच्या शेवटाला आली की तिकडे न बघताही तिला कळायचं. मग पुढची ओळ. तीन दुपारी असं चाललं. अकरा गाणी झाली, तेव्हा नळीत शाई निम्म्याहून थोडी जास्त होती.