ब्लॉक झालेल्या किकला पॉइंट का नाही? एक दिवसाचं स्कोअरिंग वर्कशॉप, माझा रिव्ह्यू

चिंचवडमधल्या एका किकबॉक्सिंग क्लबने पालक आणि नवीन कोच लोकांसाठी स्कोअरिंगचं वर्कशॉप ठेवलं होतं, फी 500 रुपये, त्यात पोहे, चहा आणि दुपारचं जेवण. पोरगी किक लाइट (मॅटवर, जोर आवरून खेळायचा किकबॉक्सिंगचा प्रकार) खेळते म्हणून मी गेले. सकाळचं सेशन एकदम पैसा वसूल, दुपारचं मात्र गुंडाळलं.

आपण पालक खुर्चीत बसून मॅच बघत नाही हो, ऐकतो! शिनगार्ड (नडगीवरचं पॅड) ग्लोव्हवर आपटला की धाडकन आवाज येतो, आपली अख्खी रांग "अहो द्या ना पॉइंट" म्हणून ओरडते आणि तिकडे जज ढिम्म. सरांनी यावर एक भारी गोष्ट केली. एका पोराला हात गालाला लावून गार्डमध्ये उभं केलं, दुसऱ्याला सावकाश हेड किक मारायला लावली आणि आम्हाला आधी समोरून, मग बाजूने, मग गार्डवाल्याच्या पाठीमागून बघायला लावलं. पाठीमागून तर प्रत्येक किक डोक्यालाच लागल्यासारखी दिसते, शप्पथ. समोर गेलं की कळतं, पाय ग्लोव्हवरच थांबलाय. तीन जज तीन बाजूंना का बसवतात ते तिथे डोक्यात शिरलं.

वाको म्हणजे किकबॉक्सिंगची जागतिक संघटना, तिच्या टाटामीवरच्या (म्हणजे मॅटवरच्या) नियमात बॉडी किकला 1, हेड किकला 2 आणि उडी मारून हेड किक मारली तर 3, पण ती टार्गेटवर स्वच्छ लागली पाहिजे, हातावर-ग्लोव्हवर अडली तर काही नाही, कितीही आवाज येऊ दे. मला हे पटतं, कारण किक लाइटमध्ये कंट्रोल ठेवूनच मारायचं असतं, मग जोर मोजायचा कसा आणि कशाला. नंतर आमच्या हातात क्लिकर दिले, लाल आणि निळं बटण, एकेका खेळाडूचं एकेक, आणि एकच राउंड सगळ्यांना स्कोअर करायला सांगितला. शेजारच्या काकांचे लालला 9, माझे 5. काका ब्लॉकवर पण दाबत सुटले होते, विचारलं तर म्हणे "अहो, आवाज आला ना!"

आता दुपार. जेवण झाल्यावर रिंगमधले फुल पॉवरचे प्रकार, त्यांची नावं लो किक आणि के-वन, अर्ध्या तासात उरकले. एका कोचने चांगला प्रश्न विचारला, किक हातावरच बसली पण एवढी जोरात की समोरचा दोन पावलं सरकला किंवा त्याचाच ग्लोव्ह त्याच्या तोंडावर आपटला तर काय? सर म्हणाले ब्लॉक म्हणजे ब्लॉक, आणि पुढची स्लाइड. इथे माझं जमलं नाही. थायलंडमध्ये मुएथाईला जज हातावर बसलेली मिडल किक (अंगाच्या उंचीची) पण बघतात, माणूस हलला, तोल गेला तर ती मोजली जाते, पण तीच किक गुडघा उचलून नडगीवर घेतली की मारणाऱ्याच्या खात्यात काहीच नाही. फुल पॉवरच्या फाइटमध्ये मला तरी हेच बरोबर वाटतं, हाताने अडवणं आणि नडगीने अडवणं एका मापाने मोजून कसं चालेल?

आणि नडगीचा विषय काढला असता तर 2014 चं उदाहरण होतं की. ग्लोरी या प्रोफेशनल किकबॉक्सिंग स्पर्धेच्या इस्तंबूलच्या फाइटमध्ये टायरोन स्पाँगने गोखान साकीला पायावर लो किक मारली, साकीने ती नडगीवर घेतली आणि पाय मोडला तो स्पाँगचा! पहिल्याच राउंडमध्ये फाइट संपली, जिंकला ब्लॉक करणारा. असे व्हिडिओ दाखवून चर्चा केली असती तर दुपारी कुणी पेंगलं नसतं (जेवणात श्रीखंड होतं, तोही एक मुद्दा आहेच).

बाकी तक्रारी बारीकसारीक. माइक नव्हता, पंख्यांच्या आवाजात मागे काही ऐकू येत नव्हतं. नोट्स सगळ्या इंग्रजीत आणि झेरॉक्स इतकी फिकट की किकचे आकडे मी पेनाने गिरवले. प्रश्नांना वेळ कमी. सर मात्र स्वभावाने छान, कुणाला हसले नाहीत.

पाचपैकी साडेतीन. पोरं टाटामीवर खेळत असतील तर नक्की जा, रिंगवाल्यांनी आधी फोन करून दुपारी नेमकं काय घेणार ते विचारा. आणि लवकर पोचून पुढे बसा, क्लिकर सगळ्यांना पुरत नाहीत.