कपाटामागची ओल: घर सोडताना बसलेला ६३,७०० रुपयांचा फटका

मी नवी मुंबईत, महाप्यातील एका कंपनीच्या हिशेब विभागात आहे. पुरवठादारांची बिले तपासणे आणि त्यांतली खोट काढणे, याचाच मला पगार मिळतो. अशा माणसाला एका रंगाऱ्याने पिवळ्या कागदावर बॉलपेनने लिहिलेल्या अंदाजपत्रकावर गुंडाळले, हे सांगताना मान खाली जाते, आणि म्हणूनच दोन महिने मी ही गोष्ट सख्ख्या भावालाही कळू दिली नाही. तरीही आता लिहितो आहे, कारण नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात भाड्याची घरे सोडणारी कुटुंबे कायम असतात, आणि अनामत रक्कम अडकेल या धास्तीने शेवटच्या आठवड्यात भला विचारी माणूसही मागतील तेवढे पैसे देऊन मोकळा होतो.

नेरूळच्या त्या घरात आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या तीन करारांवर राहिलो. भाडे २६,००० रुपये आणि अनामत १,२०,००० रुपये होती. शेवटच्या कराराची मुदत १५ ऑक्टोबरला संपत होती, आणि पुण्यात राहणारे मालक १२ तारखेला, रविवारी, घर पाहायला येणार होते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. काका फार काटेकोर आहेत, मागच्या भाडेकरूची बरीच रक्कम कापली होती, तेव्हा त्यांच्या येण्याआधी रंग देऊन घर चकचकीत करून ठेवा, माणूस मी पाठवतो, असे तो म्हणाला. नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता घर होते त्या स्थितीत परत द्यायचे, असे करारात स्पष्ट लिहिलेले होते, आणि तीन वर्षांत फिका पडलेला रंग ही झीजच होय, हे मला कळत नव्हते असे नाही. पण हॉलमध्ये खिळ्यांची भोके होती, मुलीने दाराशेजारच्या भिंतीवर मेणखडूने आगगाडी काढली होती, आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत रंगारी मिळणे किती कठीण असते हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मी दोघांना फोन केले होते, आणि दोघांनीही दिवाळीनंतरची तारीख दिली. घरबसल्या माणूस मिळतो आहे म्हटल्यावर मी हो म्हटले.

तो रंगारी ५ तारखेला, रविवारी सकाळी आला. खिशाला पेन, हातात मोजमापाची टेप आणि बोलणे अत्यंत अदबीचे. हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिले, मग आतल्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, कपाटामागची ओल आधी काढावी लागेल, नाहीतर रंग महिन्यात पापुद्रे सोडेल." आमचे कपाट सहा फुटी, लोखंडी आणि कपड्यांनी गच्च भरलेले होते. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते भिंतीला लागले, त्यानंतर एकदाही हललेले नव्हते. तो खोलीत पाऊलसुद्धा न टाकता उंबऱ्यावरून बोलत होता. मला मात्र त्या क्षणी तो कसलेला कारागीर वाटला, आणि भिंत पश्चिमेची, खाडीकडचा वारा, चार महिने पावसाचा मारा, म्हणजे अनुभवी माणसाला अंदाज येणारच, अशी त्याच्या वतीने सगळी कारणे मीच मनात जुळवून टाकली. संध्याकाळी पत्नीने भाजी निवडता निवडता विचारले, "अहो, कपाट न हलवता त्याला ओल दिसली कशी?" मी हसलो. त्या हसण्याची मला आज जितकी चीड येते, तितकी त्या माणसाचीही येत नाही. ओल खरोखर होती. कपाट हलवले तेव्हा हातभर काळा डाग निघाला. ती तिथे आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक होते, त्याने ती भिंत आधी पाहिलेली होती, एवढे साधे गणित माझ्यासमोर मांडून ठेवले होते, आणि रोज बिलांतले रुपयाचे फरक पकडणाऱ्या मला ते दिसले नाही.

त्याचा अंदाज असा होता: रंगकाम २२,०००, संपूर्ण घराची डीप क्लीनिंग ५,००० आणि ओलीचे वॉटरप्रूफिंग ४,५००, एकूण ३१,५०० रुपये. ५,००० जागेवरच दिले. मंगळवारी मालासाठी १२,५०० पाठवले, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर त्याचे नाव न येता कुणा बाईचे नाव आले, आणि विचारल्यावर "मिसेसचे खाते आहे" हे उत्तर तयार होते. गुरुवारी संध्याकाळी वॉटरप्रूफिंगचे रसायन वाशीहून आजच उचलायचे आहे म्हणून आणखी ६,००० गेले. एकूण २३,५०० रुपये झाले, आणि एकाही रकमेची पावती माझ्याकडे नाही. पैसे कुणाच्या नावावर जात आहेत ते पाठवण्याआधी वाचा. ते नाव समोरच्या माणसाचे नसेल तर तिथेच थांबा.

काम झाले ते एवढेच. गुरुवारी दोन मुले आली, त्यांनी हॉलच्या तीन भिंती पात्याने खरवडल्या, दोन भिंतींवर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, एक हात मारला, आतल्या खोलीचा ओला भाग विटेपर्यंत उकरला आणि जाताना स्वयंपाकघरातली चिमणी सर्व्हिसिंगसाठी म्हणून काढून नेली. ती चिमणी मालकांची होती आणि पहिल्या कराराच्या यादीत तिची नोंद होती. मी कामावर होतो आणि पत्नीने फोन करून विचारले तेव्हा "नेऊ दे, तेलकट झालीच आहे" असे सांगणारा मीच होतो. शुक्रवारी कुणी आले नाही. दुपारपर्यंत फोन वाजत होता, मग बंद झाला. एजंट म्हणाला की माणूस चांगला आहे, घरी काही अडचण आली असेल. शनिवारी मी २,२०० रुपये देऊन दोन बायकांकडून लांबीची धूळ तरी काढून घेतली.

रविवारी मालक आले. त्यांना दिसले ते खरवडलेल्या भिंतींचे, विटा उघड्या पडलेले, चिमणीच्या जागी नुसते भोक असलेले घर. काहीही न करता घर जसे होते तसे दाखवले असते, तर मेणखडूची आगगाडी सोडून माझ्याविरुद्ध बोलायला त्यांच्याकडे काही नव्हते. त्यांनी रंगासाठी २४,०००, चिमणीचे ९,५०० आणि साफसफाईचे ४,५०० असे ३८,००० रुपये कापले आणि ८२,००० परत केले. ही पुढची कामे कोण करून घेणार, तर तोच एजंट. मालकांचा यात हात होता असे मी म्हणत नाही. पण मी सगळे समजावून सांगत असताना त्यांनी "माणूस तुम्ही लावला होता ना?" एवढेच विचारले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आणखी एक चूक कबूल करतो. पहिला करार रीतसर नोंदवलेला होता, मात्र पुढचे दोन एजंटच्या सांगण्यावरून नुसत्या नोटरीवर उरकले. दर करारामागे मुद्रांक शुल्क साडेसातशेच्या आसपास आणि नोंदणी शुल्क एक हजार, एवढेच वाचले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, ती जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे मला वकिलाकडून कळले ते ३८,००० कापून घेतलेल्या हिशेबाच्या कागदावर "मान्य" लिहून सही केल्यानंतर. तशी सही करू नका, करावीच लागली तर "आक्षेप राखून" असे लिहा.

मग सुरू झाली ती फिराफिर. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी सांगितले की ही दिवाणी बाब आहे, काम अर्धवट राहिले म्हणजे फसवणूक झाली असे होत नाही. मी म्हटले की चिमणी तर नेली आहे. तर म्हणाले, तुम्हीच ती नेऊ दिलीत. दुसऱ्या दिवशीचे साहेब वेगळे होते. त्यांनी एजंटचे दुकान दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असल्याचे सांगून तिकडे धाडले, आणि तिकडच्यांनी घटना नेरूळची असल्याचे सांगून परत पाठवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मी नम्रपणे म्हणालो, तेव्हा "वकील आहात का?" असा प्रश्न आला आणि मागच्या बाकावरची माणसे हसली. सोसायटीच्या कॅमेऱ्यात चिमणी नेणारी मुले नक्की दिसली असती. सचिव म्हणाले, चित्रण हवे तर पोलिसांचे पत्र आणा. पोलीस म्हणाले, आधी चित्रण आणा, मग बघू. या दोन दारांमध्ये मी अकरा दिवस घालवले, आणि बाराव्या दिवशी सचिवांनी कळवले की जुने चित्रण आपोआप पुसले गेले. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी फोन केला तो शनिवारी; पैसे खात्यातून निघून गेल्यावर तिथले लोक तरी काय गोठवणार? शंका आली त्याच तासाला तो फोन करा, माणूस उद्या येईल म्हणून वाट पाहू नका. ग्राहक आयोगात, सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर, तक्रारीला शुल्क नाही, पण तिथे समोरच्याचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि माझ्याजवळ एक बंद क्रमांक आणि एका अनोळखी बाईचे नाव आहे.

आधीचे भाडेकरू मला वॉचमनकडून सापडले. ते आता घणसोलीत राहतात. मी ओलीचा विषय काढताच त्यांनी विचारले, "उंबऱ्यावरूनच सांगितली ना?" त्यांचे २८,००० गेले होते आणि त्यांनी कुठेही तक्रार केली नव्हती. घर घेताना आधी कोण राहत होते ते विचारून त्यांना एक फोन करायला काहीच खर्च येत नाही. मी तो तीन वर्षे उशिरा केला.

नोव्हेंबरच्या शेवटी चुकून जुन्या पत्त्यावर गेलेले एक पार्सल आणायला मी त्या इमारतीत गेलो. नव्या भाडेकरूंनी दार उघडले आणि पाणी विचारले. हॉल पांढराशुभ्र रंगवलेला होता, आणि स्वयंपाकघरात शेगडीवर चिमणी होती. तिच्या डाव्या कोपऱ्यावर माझ्या मुलीने चिकटवलेल्या मांजरीच्या स्टिकरचे दोन कान अजून तसेच होते. त्यांची परवानगी घेऊन मी तिचे फोटो काढले. चिमणी नवी बसवली म्हणून एजंटने मालकांकडून ९,५०० रुपये घेतल्याचे मला फोनवर खुद्द मालकांनीच सांगितले, आणि मी स्टिकरचा विषय काढल्यावर "बघतो" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. फोटो घेऊन मी पुन्हा ठाण्यात गेलो. अंमलदारांनी ते मोठे करून पाहिले, मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "अशी स्टिकरं तर कुठंही मिळतात."