थारच्या वाळवंटात गाडी न्यायची तर विंच घ्यावी की रिकव्हरी ट्रॅक?

डिसेंबरात दोन गाड्या घेऊन जैसलमेरकडे जायचं आमचं ठरलंय. पैसा कशावर घालायचा यावर पारावर रोज बोलणं होतं, आणि बहुतेकांचा कल विंचकडे, म्हणजे बंपरवर बसवून मोटरने दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्राकडे आहे. साहजिकच आहे, आपली गाडी फसते ती काळ्या मातीत. मागच्या श्रावणात पांदणीत माझी गाडी अॅक्सलपर्यंत बसली. धुऱ्यावरच्या बाभळीला पट्टा बांधला, विंचचा दोर ताणला, गाडी वर आली. बाभूळ जागची हलली नाही.

जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरीच्या धोऱ्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, ती बाभूळ नसते. फोगाच्या झुडपाला भरलेली गाडी बांधता येत नाही. मग स्टेपनी खोल पुरून तिला दोर लावायचा, म्हणजे गाडी निघायच्या आधी कमरेएवढा खड्डा खणायचा. शिवाय विंच, दोर आणि बंपर मिळून गाडीच्या नाकावर पन्नास किलोच्या वर ओझं येतं. वाळूत पुढची चाकं आधीच रुततात, त्यात ही भर.

रिकव्हरी ट्रॅक म्हणजे दातेरी प्लास्टिकच्या लांब पाट्या. चाकाखाली पऱ्हाट्या टाकून बंडी काढतो, तीच युक्ती. फावड्याने चाकापुढची वाळू उतरती करायची, पाटीचं टोक टायरखाली नीट सारायचं आणि लो रेंजमध्ये (फोर-बाय-फोरच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) सावकाश चढवायचं. चाक गरगर फिरवलं तर दाते वितळतात आणि पाटी मागे भिरकावली जाते. त्या वेळी मागे कुणीही उभं राहू नये, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

पण या दोन्हींच्या आधी हवा. डांबरावरची 30 ची हवा वाळूत 16-18 वर आणली की टायर पसरतो, आणि निम्म्या वेळा फसणंच टळतं. 12 च्या खाली उतरून जोरात वळवलं तर टायर रिंगेतून निसटू शकतो. परत डांबरावर येताना हवा भरावीच लागते, म्हणून पंप बॅटरीला चिमट्याने लागणारा घ्या. लायटरच्या खोबणीत लागणारा छोटा पंप चार टायर भरेपर्यंत तापून बंद पडतो. जॅकखाली सागाची जाड फळी हवीच, नाहीतर जॅकच वाळूत जातो.

दुसरी गाडी सोबत असेल तर ओढायला लवचीक रिकव्हरी दोर घ्या, ट्रॅक्टरची साखळी नको. झटक्याने तुटलेली कडी गोळीसारखी येते.

पाणी माणशी रोज पाच लिटर, वर दोन दिवसांचं जास्तीचं. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही, तेव्हा वाट आणि परतीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

तर माझं मत: नवा खर्च करायचा तर प्रत्येक गाडीला दोन ट्रॅक, फावडं आणि चांगला पंप. ज्याला मेळघाटात आणि पावसाळ्यातल्या पांदणींत वर्षभर फिरायचंय त्याने विंच जरूर बसवावी. फक्त थारसाठी नको.

निघायच्या आधी एक रविवार तलाठ्याला सांगून नदीच्या कोरड्या पात्रात घालवणार आहोत. हवा कमी करून गाडी मुद्दाम फसवायची आणि चौघांनी आपल्या हाताने काढायची.