ग्रेडलमधला एक्स्क्लूड : आठ महिने वापरल्यानंतर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या काही दूध सोसायट्यांसाठी मी एक ॲन्ड्रॉइड ॲप सांभाळतो. सकाळी दूध मापलं, फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि फॅट सोडून उरलेले घन घटक) टाकलं की ब्लूटूथ प्रिंटरवर चिठ्ठी निघते. मराठीत किंवा कानडीत, ज्याला जी हवी ती. रेंज आली की नोंदी वर्कमॅनेजर ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मागच्या मागे सर्व्हरवर चढवते. हे सगळे तुकडे गोळा करून ॲप बांधायचं काम ग्रेडल करतो. एखाद्या लायब्ररीने सोबत ओढून आणलेलं काही नको असेल तर ते वगळायची त्यातली सूचना म्हणजे एक्स्क्लूड.

जूनमध्ये प्रिंटरची नवी लायब्ररी घातली आणि बिल्ड, म्हणजे ॲप बांधणं, अडलं. 'डुप्लिकेट क्लास', म्हणजे कोडचा एकच तुकडा दोनदा आलेला; क्लासचं नाव लिसनेबलफ्यूचर. एक गूगलच्या ग्वावा या लायब्ररीच्या २०.० आवृत्तीत, दुसरा लिसनेबलफ्यूचर १.० नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये (लायब्ररीचं स्वतंत्र नावाचं पाकीट). यातलं काहीच मी मागवलं नव्हतं. ग्वावा प्रिंटरच्या लायब्ररीने आणला, दुसरं वर्कमॅनेजरच्या मागून आलं.

एकाच मॉड्यूलच्या दोन आवृत्त्या आल्या तर ग्रेडल वरची उचलतो आणि विषय संपतो. इथे मॉड्यूलची नावंच वेगळी, म्हणून त्याच्या लेखी वादच नाही. आत एकच क्लास दोनदा आहे, हे उघड होतं ते क्लास तपासताना.

मी प्रिंटरच्या ओळीखाली ग्वावाला एक्स्क्लूड लावला. बिल्ड झाला, ॲप उघडलं, नोंद झाली. लोकांना द्यायची रिलीज आवृत्ती बनवताना, कोड आटोपशीर करणाऱ्या आर८ ने ग्वावाचे क्लास सापडत नाहीत म्हणून अडवलं, तेव्हा त्याला गप्प करणारी 'डोन्टवॉर्न'ची ओळ टाकली आणि अपडेट सोडला. या सगळ्यात मी सर्वांत चुकलो ते या ओळीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला जंगलाकडच्या एका गावातून सेक्रेटरींचा फोन. "दादा, चिठ्ठी येईना झालीय बघा. बटण दाबलं की ॲपच बंद पडतंय." मागे कॅन घेऊन माणसं उभी होती, पाऊस चालू होता. त्या दिवशी त्यांनी सगळं वहीत लिहून घेतलं. लॉगमध्ये नोक्लासडेफफाउंडएरर, म्हणजे चालू ॲपला हवा तो क्लास न सापडल्याची चूक, होता. लायब्ररी आधीच कंपाइल होऊन आलेली असते, त्यामुळे तिला लागणारा क्लास काढून टाकला तरी साधा बिल्ड कुरकुरत नाही; कुरकुरला होता तो आर८, त्याला मीच गप्प केलं होतं. तो क्लास शोधला जातो प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हा, आणि आमच्याकडे ती गरज देवनागरी चिठ्ठीचं चित्र तयार करताना पडत होती.

मग घाईत 'ट्रान्झिटिव्ह = फॉल्स' करून बघितलं. ते तर त्या लायब्ररीने सोबत आणलेली सगळी पिलावळच कापतं. 'कॉन्फिगरेशन्स डॉट ऑल'मध्ये, म्हणजे सगळीकडूनच, ग्वावा काढला तर ॲपचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या डॅगर या लायब्ररीचा, बिल्डच्या वेळी कोड बनवणारा प्रोसेसर मेला, कारण तो स्वतः ग्वावावर चालतो आणि 'ऑल'मध्ये तोही येतो.

शेवटी ग्रेडलची 'डिपेंडन्सीइनसाइट' ही आज्ञा चालवली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. कोण कुणाला कुठल्या वाटेने आणतंय हे ते ओळीनिशी दाखवतं. ग्वावाच्या २७ व्या आवृत्तीपासून यावर उपाय केलेला आहे : ती सोबत लिसनेबलफ्यूचरची ९९९९.० अशी मुद्दाम रिकामी आवृत्ती आणते. आकडा मोठा म्हणून ग्रेडल तीच निवडतो, १.० बाजूला पडतं आणि क्लास एकटा ग्वावातच राहतो. मी कन्स्ट्रेंट, म्हणजे 'किमान ही आवृत्ती घे' अशी अट, लावून ग्वावा वर नेला, शेजारी 'बिकॉज'मध्ये कारण लिहिलं, एक्स्क्लूड आणि डोन्टवॉर्न दोन्ही काढले. प्रिंटरची लायब्ररी नव्या ग्वावावर चालते का, ते दोन्ही भाषांच्या चिठ्ठ्या काढून बघितलं. चालली.

पुढे ॲप ज्या भाषेत लिहिलंय त्या कोटलिनच्या १.८ वर गेलो तेव्हा अशीच कटकट झाली. जावाच्या ७ आणि ८ आवृत्त्यांसाठीची, जेडीके७ आणि जेडीके८ नावाची वेगळी मॉड्यूल्स या आवृत्तीत कोटलिनच्या मुख्य स्टँडर्ड लायब्ररीत मिसळली होती आणि कुणीतरी जुनी ओढत होतं. तिथे कोटलिनचा बॉम, म्हणजे सगळ्या मॉड्यूल्सच्या आवृत्त्या जुळवून देणारी यादी, लावला, पाच मिनिटांत झालं.

एक्स्क्लूड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्याच प्रिंटर लायब्ररीने कोडच्या चाचण्या घेणारं जेयुनिटसुद्धा ॲपच्या पोटात धाडलं होतं. धावत्या ॲपला त्याचा काडीचा उपयोग नाही, ते काढायला एक्स्क्लूडच लागतो. पण तो त्या एका वाटेपुरताच असतो. तेच मॉड्यूल दुसऱ्या लायब्ररीतून आलं तर येतंच, म्हणून लावल्यावर कोण कुणाला आणतंय त्याचं झाड पुन्हा बघावं लागतं.

आज माझ्या फाइलमध्ये तो जेयुनिटचा एकच एक्स्क्लूड आहे. प्रत्येक अपडेटआधी रिलीज बिल्ड फोनवर चढवून टिळकवाडीतल्या माझ्या टेबलावरच्या प्रिंटरवर एक मराठी आणि एक कानडी चिठ्ठी काढतो, मगच सोडतो. त्या गावातून साडेसहाचा फोन परत आलेला नाही.