चिऱ्याच्या नव्या घरासाठी ओमाडा ईएपी६१०: उत्तम, पण निर्णय स्लॅब भरण्याआधी घ्या

टीपी-लिंकचा ओमाडा ईएपी६१० म्हणजे छताला चिकटवायची चौकोनी पांढरी पेटी. हा राउटर नाही, अॅक्सेस पॉइंट आहे. इंटरनेट आणून देणं आणि प्रत्येक उपकरणाला नेटवर्कमधला (आयपी) पत्ता देणं ही कामं फायबरवाल्याची पेटीच करते. ईएपी६१० तेच नेटवर्क हवेत पसरवतो. वाय-फाय ६, २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१ एमबीपीएस असा कागदावरचा वेग, आणि मागे एकच गिगाबिट पोर्ट. त्याच एका केबलमधून डेटाही येतो आणि वीजही (यालाच पीओई म्हणतात), म्हणून छताजवळ प्लग लागत नाही.

गोव्यात फोंडा, डिचोली, पेडण्याकडच्या नव्या घरांना आम्ही हाच का सुचवतो, तर चिऱ्यामुळे, म्हणजे जांभ्या दगडामुळे. चिऱ्याची भिंत ९ इंचांची, प्लास्टर धरून त्याहून जाड. दगड सच्छिद्र, त्यामुळे मिरग लागला की तो पाणी धरून ठेवतो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल गिळते. मार्चमध्ये आतल्या खोलीत बरं चालणारं वाय-फाय जुलैत रडतं, त्यामागचं हे एक कारण. त्यातही ५ गिगाहर्ट्झचं नुकसान २.४ पेक्षा जास्त. अशा घरात वायरीविना चालणारा मेश संच (एकमेकींना हवेतूनच जोडलेल्या वाय-फाय पेट्या) घेतला, तर दोन पेट्यांमधला दुवाच दोन भिंतींतून जातो. वर जुळ्या बँडच्या स्वस्त संचात एकाच पट्ट्यावर घ्यायचं आणि पुढे द्यायचं असल्याने वेग निम्म्यावर येतो. मेश वाईट नाही, पण घर बांधून झालं आणि फोडाफोड करायची नसेल तेव्हाचा तो उपाय आहे. घर अजून उभं राहत असेल तर तारच ओढा.

म्हणून या पेटीचा खरा खर्च तिच्या किमतीत नसून पाइपात आहे. स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या की काँक्रीट पडण्याआधी २५ मिमीचे पीव्हीसी पाइप टाकून घ्या, प्रत्येक जागेसाठी वेगळा, सगळे एकाच रॅकपाशी, म्हणजे फायबरची पेटी आणि स्विच ठेवायच्या जागी, येणारे. काटकोनी एल्बो टाळा, लांब वळणाचे बेंड वापरा. दोनपेक्षा जास्त वळणं असतील तर मध्ये ओढपेटी (केबल ओढायला उघडता येणारा डबा) ठेवा. आत नायलॉनची दोरी सोडा आणि तोंडं टेपने घट्ट बंद करा. सिमेंटचं पाणी आत गेलं की पाइप कायमचा मेला. विजेच्या पाइपातून ही केबल कधीही नेऊ नका. समांतर जायचंच असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. पीओईची वीज तिच्यातून वाहताना तार तापते, व्होल्टेज पडतं आणि पेटी अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होते. मग दोष बिचाऱ्या अॅक्सेस पॉइंटला दिला जातो. दोन्ही टोकं ५६८बी या ठरलेल्या रंगक्रमाने जोडलेली, रॅककडे मीटरभर आणि छतात फूटभर केबल शिल्लक, आणि प्रत्येक टोकावर खोलीचं नाव.

जागा निवडताना एक गोष्ट हमखास चुकते. खोलीचा मधोमध पंख्याने आधीच घेतलेला असतो. पंख्यापासून किमान ३ फूट बाजूला घ्या आणि बीमच्या आड जाऊ देऊ नका. या पेटीचा सिग्नल मुख्यतः खाली आणि बाजूला पसरतो. खाली हॉल व तीन खोल्या, वर दोन खोल्या अशा घराला तळमजल्यावर दोन आणि वर एक पुरतो. वरच्या मजल्याला स्लॅब नसून नुसते वासे आणि मंगळुरी कौलं असतील तर तिथे ही पेटी बसवण्यात अर्थ नाही, भिंतीच्या चौकटीत बसणारा ईएपी६१५-वॉल घ्या. त्याला खालून तीन जादा पोर्टही मिळतात, टीव्हीची सोय होते.

बल्कावासाठी (घरापुढच्या बसायच्या ओट्यासाठी) आतला ईएपी६१० बाहेर टांगू नका. दमट, खाऱ्या हवेत पोर्टचे पाय हिरवे पडतात. त्याचा वेगळा आउटडोअर प्रकार येतो. त्याची केबल खालून आत शिरेल अशी आणि शिरण्याआधी वळसा देऊन बसवा. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तांब्याच्या केबलला अर्थिंगला जोडलेला सर्ज प्रोटेक्टर हवाच. पावसाच्या आधीच्या गडगडाटात वीज आत येते ती बहुधा याच वाटेने किंवा विजेच्या मीटरकडून. फायबरच्या काचेतून ती येत नाही, मात्र फायबरच्या केबलला आधाराची पोलादी तार असते. ती बाहेरच तोडायला सांगा. पाइपांची तोंडं शेवटी सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या घर करतात.

स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात आणि जिथून त्यांना वीज मिळते ती पेटी, ८०२.३एटी या पीओई मानकाचा घ्या. प्रत्येक पेटीचे साधारण १३ वॅट धरले तर तिघांचे ४० च्या आत राहतात, म्हणून एकूण ६० वॅटचा स्विच आरामात चालतो. स्विच आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरच्या लायनीवर ठेवा. मग लाइट गेली तरी घरभर वाय-फाय राहतं, छतापर्यंत वेगळी काही सोय करावी लागत नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. प्रत्येक पेटी वेगवेगळी सेट करता येते, पण चालताना फोन एका पेटीवरून दुसरीवर सफाईने जावा असं वाटत असेल तर ओमाडाचा कंट्रोलर लागतो: संगणकावरचा फुकट किंवा ओसी२०० ही छोटी पेटी. घरात कोणी तांत्रिक नसेल तर ओसी२०० बरा. दुसरं, मूळ सेटिंगमध्ये ताकद वाजवीपेक्षा जास्त असते. २.४ वर ती ‘लो’ करा, चॅनेल १, ६, ११ असे वाटून द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९, रुंदी ८०. फायबरवाल्याच्या पेटीचं स्वतःचं वाय-फाय बंद करा. शेवटी प्रत्येक खोलीत दार लावून फोनवर सिग्नल मोजा. उणे ६७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उणे ७० म्हणजे आणखी कमजोर) कमजोर आकडा झोपायच्या खोलीत आला तर रंगकामाआधीच जागा बदला.