एचटूएस बाटली: पावणेतीनशे रुपयांत आमच्या जिन्यातला वाद मिटला

जुलैत एकाच आठवड्यात आमच्या अपार्टमेंटमधल्या तीन घरांत जुलाब-उलट्या झाल्या आणि जिन्यात नेहमीचा विषय निघाला. शेरीनाला. त्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं हे सांगलीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्यामुळे पोट बिघडलं की नाल्याच्या नावानं बोटं मोडायची आणि घरी जाऊन उकळलेलं पाणी प्यायचं, ही आमची रीत. मी सव्वीस वर्षं शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. म्हटलं, एकदा तपासून तर बघू.

शाळांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानातून पाण्यात मैला मिसळलाय का ते दाखवणाऱ्या सहा एचटूएस बाटल्यांचा खोका आणला. बाटली खोकल्याच्या औषधाएवढी, आत वाळवलेलं औषध. रेघेपर्यंत पाणी भरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही, झाकण घट्ट करून उबेत ठेवायची. मैलापाण्यातले जिवाणू असले तर हायड्रोजन सल्फाइड वायू (म्हणजेच एचटूएस) तयार होतो आणि आतल्या लोहाशी मिळून पाणी काळंकुट्ट करतो. ही पद्धत १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी मांडली. ना वीज लागते, ना यंत्र.

तीन बाटल्या भरल्या. एक गेटजवळच्या नळाची, जिथं नगरपालिकेचं (महापालिका होऊन पंचवीस वर्षं उलटली, तोंडातून अजून पालिकाच येतं) पाणी थेट येतं. दुसरी जमिनीखालच्या टाकीची, तिसरी गच्चीवरच्या टाकीची. पावसाळी गारठा होता म्हणून फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या मागं ठेवल्या. सुनेनं नाक मुरडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या टाकीची बाटली शाईसारखी काळी. संध्याकाळपर्यंत गच्चीवरचीही. गेटवरची दोन दिवस ठेवली, रंग बदलला नाही.

म्हणजे नदीतून शुद्ध होऊन आलेलं पाणी आमच्या दारापर्यंत ठीक होतं. घाण आमच्याच हौदात. झाकण बघितलं तर त्याच्या एका कोपऱ्याला तडा, आणि सांडपाण्याचा चेंबर तिथून हातभर अंतरावर, तुंबलेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या गावभागातला हा हौद पुरात बुडाला होता. तेव्हा गाळ काढला, पण तडा तसाच राहिला. एवढी वर्षं आम्ही शिव्या मात्र नाल्याला देत होतो.

मी तोंडानं सांगितलं असतं तर मीटिंगला चार जण आले असते. काळी बाटली जिन्याच्या कठड्यावर ठेवली, तर सोळापैकी चौदा घरं आली. रविवारी टाकी उपसली, घासली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली, झाकण नवं बसवलं, चेंबर मोकळा केला. आठवड्यानं चौथी बाटली भरली. स्वच्छ.

आता उणिवा. सूचना मुंगीएवढ्या इंग्रजीत, मराठी एक ओळ नाही. मुदत कुठं छापलीय ते भिंग घेऊन शोधावं लागलं. काळी झाली म्हणजे पाणी संशयास्पद, एवढंच कळतं; जंतू किती आणि कुठले ते प्रयोगशाळेतच कळणार. बोअरच्या पाण्यात कधी कधी मैला नसतानाही काळी होते. वापरलेली बाटली तशीच कचऱ्यात टाकू नका, आत ब्लीचिंग पावडर घालून तासभर ठेवा. वास कुजक्या अंड्याचा येतो, झाकण घराबाहेर उघडा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हे सगळं पटलं नाही. "वहिनी, आमचं टीडीएस एकशे दहा. आरओ आहे आमच्याकडं." टीडीएसचं यंत्र विरघळलेले क्षार मोजतं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण शंभर दाखवणाऱ्या पाण्यातही जंतू मजेत पोहू शकतात. आरओची साठवणटाकी महिनोन्महिने धुतली नाही तर तिथंही. हे मी दोनदा सांगितलं.

बाटलीला पाचपैकी चार देते, तोही एक गुण मुंगीएवढ्या अक्षरांमुळे कापला.

उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एक काकाच मागून घेऊन गेले. गेल्या सोमवारची गोष्ट. तेव्हापासून ते जिन्यात भेटले की पावसाचं बोलतात.